ब्रायनीचं रविवारचं पत्र

आमच्या निवासी शाळेच्या वरच्या मजल्यावर सव्वीस खाटा. तिथं राहणाऱ्या पोरांचं सगळं बघणारी मेट्रन म्हणून मी आले तेव्हा सव्वीसही भरलेल्या, आणि कुणाची एखादी रिकामी होते का म्हणून दोन पोरं घरी थांबलेली. मग पोरांच्या आयांचे विचार बदलले. सात-आठ वर्षांचं लेकरू रात्री आपल्याच घरात निजलेलं बरं, असं म्हणू लागल्या. दिवसा शाळा गजबजलेली असे. चार वाजता फाटकाशी मोटारींची रांग लागे, पोरं एकेक करून निघून जात, आणि माझ्या मजल्यावर धुतलेल्या पांघरुणांच्या घड्या घड्याच राहत.

त्या वसंतात तिघीच उरल्या. दोघी उन्हाळ्यानंतर मोठ्या शाळेत जायच्या होत्या. उरली असती एकटी ब्रायनी हॅल्डेन, साडेसात वर्षांची. बाप लष्करात, आईबाप जर्मनीतल्या छावणीत.

एका शुक्रवारी हेडमास्तर पेलम कपड्यांच्या खोलीत आले. हातात ब्रायनीच्या आईची चिठ्ठी.

"मेट्रन, एक पोर राहिली तरी विश्वस्त आणखी वर्षभर निवास चालू ठेवतील," ते म्हणाले. "नाही राहिली तर जुलैत कुलूप. तुमच्या दोन खोल्यांसकट. मला वाईट वाटतंय, पण आहे ते असं आहे."

चिठ्ठीत आईनं लिहिलं होतं: "रूपर्टची इच्छा आहे की तिनं तिथंच राहावं. तिच्या या रविवारच्या पत्रावरून आम्ही ठरवू."

रूपर्ट हॅल्डेन. आठ वर्षांचा असताना तो खिडकीजवळच्या खाटेवर झोपायचा. आता ब्रायनीचा बाप.

रविवारी प्रार्थनेनंतर पोरांनी घरी पत्र लिहायचं, आणि पाकीट चिकटवण्याआधी ते मी वाचायचं, ही आमची रीत. आईच्या जिवाला घोर लागेल असं काही दिसलं की माझी लाल पेन्सिल त्यावरून फिरायची. पत्राचा क्रम ठरलेला: आधी हवा, मग खेळ, मग जेवण, मग गोड पापा. रूपर्टच्या पहिल्या पत्रातली चार वाक्यं मी खोडली होती. तिसऱ्या रविवारी खोडायला काही उरलंच नाही. मी त्याचं कौतुक केलं होतं.

शनिवारी स्वयंपाकघरात आमची स्वयंपाकीण डोरीन बटाटे सोलत होती. तिला सगळं ठाऊक होतं. आमच्याकडे काही लपत नाही.

"अगं हिल्डा, एवढा कसला विचार करतेस? नेहमी करतेस तेच कर की."

"तेच तर."

"तेच तर काय? एकोणतीस वर्षं केलंस. आता बहिणीकडे जाऊन तिच्या मांजरांची मेट्रन होणारेस? मांजरं काही तुझ्या शिट्टीवर उठायची नाहीत."

मी हसले. तीही हसली, आणि बटाटा हातात धरून तशीच बसून राहिली.

रविवारी मोठ्या दोघी भराभर लिहून खेळायला पळाल्या. आजवर हवा आणि पुडिंगच लिहिणाऱ्या ब्रायनीनं आपला कागद माझ्यापुढे सरकवला.

"आई, इथे सगळे चांगले आहेत. चादरीला घरचा वास येत नाही. मी रोज झोपताना तुझा चेहरा आठवते. आता डोळे आठवतात पण नाक आठवत नाही. मला घरी ने."

"हे तुम्ही खोडणार," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. ते म्हणाले, मेट्रनना खरं लिहून दाखवायचंच नाही, उगाच वेळ जातो. पहिल्यापासूनच हवेचं लिहायचं."

"मग का लिहिलंस?"

तिनं खांदे उडवले. "हातानंच लिहिलं. द्या, दुसरं लिहिते. आज पुडिंग कुठलं होतं, मेट्रन?"

रडत नव्हती ती. कोरा कागद समोर ओढून, पेन धरून, मी पुडिंगचं नाव कधी सांगते याची वाट बघत होती. बापाची पोर, बापासारखीच पटकन शिकलेली. मी तिथं नसते तर तिनं एवढ्यात हवेची ओळ लिहूनही टाकली असती.

मी पहिला कागद उचलला, घडी घातली, पाकिटात सारला.

"हे खोडलंच नाही तुम्ही."

"नाही."

"आई रडेल."

"रडू दे," मी म्हणाले. "पत्ता नीट लिही बाळ, छावणीचा आकडा मोठा काढ."

फाटकापलीकडच्या लाल टपालपेटीत ते मी स्वतः टाकलं. मोठं मन केलं असं मला मुळीच वाटलं नाही. एकोणतीस वर्षांचे रविवार डोक्यात मोजायला बसले, किती पोरं, किती ओळी, आणि निम्म्यातच मोजणं सोडून दिलं.

दहाव्या दिवशी ब्रायनीची आई तिला न्यायला आली. बोट, मग आगगाडी, मग स्टेशनवरून भाड्याची मोटार. पेलमसरांनी मला जिन्यात गाठलं.

"मेट्रन, ते पत्र तुमच्या नजरेतून निसटलं का?"

"नाही सर. वाचून पाठवलं."

ते कठड्याला हात लावून उभे राहिले. रागावतील असं वाटलं होतं. "मीही इथंच वाढलो," एवढंच म्हणाले, आणि ब्रायनीची पेटी उचलायला स्वतः वर गेले.

मोटारीची काच उघडी होती. ब्रायनी बोलत होती. आईच्या गालाला हात लावून, तोंड आपल्याकडे वळवून, धबधब्यासारखी बोलत होती. कुंपणातून आत येणाऱ्या मेंढीचं, डोरीनच्या गळक्या नाकाचं, पडलेल्या दाताचं. दोन सत्रं ती माझ्या मजल्यावर राहिली, मी तिला आंघोळ घातली, तिचे केस विंचरले, आणि हे पोर इतकं बोलतं हे मला माहीतच नव्हतं.

माझ्याकडे बघायची तिला आठवण राहिली नाही. मोटार वळणावर दिसेनाशी झाली, तरी तिचा आवाज थोडा वेळ ऐकू येत होता.