रिकामा रकाना

पर्यवेक्षिकेनं भिंतीवरून बोट ओढलं आणि दारातल्या उजेडात धरून पाहिलं. बोटाचं टोक पांढरं झालं होतं. अंगठ्यानं चोळलं तर त्याचं पीठ झालं. डासांसाठी फवारलेल्या औषधाचा थर असा हाताला लागत नाही. भिंतीकडे तिरकं पाहिलं तर धुरकट डाग दिसतात, इतकंच. हा चुना होता. चारही भिंतींना, छतापासून जमिनीपर्यंत.

"पंप आत आणू का, मॅडम?" दारातून फवारणीवाल्यानं विचारलं. पथकात त्याला सगळे वकील म्हणत. 'आज नको, पाहुणे आहेत' म्हणणाऱ्या कुठल्याही घराशी तो अर्धा तास वाद घालू शकत असे, आणि बहुतेक वेळा जिंकत असे.

"थांब जरा. आधी सामान खोलीच्या मधोमध येऊ दे."

घरमालक सुतार होता. तो एकटाच खाट ओढत होता, मग पेटी, मग पाळणा. भांडी आणि पिण्याचं पाणी त्यानं आधीच अंगणात नेऊन ठेवलं होतं. शेवटी एक बुटकं स्टूल उचललं, खाटेवर ठेवलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उचलून बाहेर नेलं. अंगणात त्याची बायको पाच महिन्यांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उभी होती. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

पर्यवेक्षिकेला या घराचा क्रमांक येण्याआधीच पाठ होता. कार्यालयातल्या यादीत तो एका ओळीत होता: मुलगी, वय पाच, हिवताप, मृत्यू. पुढे साहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'फवारलेलं घर. असं का?' औषध कमी पडलं की फवारणीत कसूर झाली, ते बघून या, असं तिला सांगितलं होतं. आता उत्तर तिच्या बोटाच्या टोकावर होतं.

"मागच्या फेरीचं कार्ड द्याल का, दादा? दाराला लावलेलं."

"ते हरवलं बघा. रंग देताना काढलं होतं, मग दिसलंच नाही."

"रंग कधी दिलात?"

"तुमची माणसं येऊन गेली ना, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. हा धाकटा यायचा होता. भिंतीवर औषधाचे डाग पडलेले. म्हटलं, बाळ दवाखान्यातून घरी येणार, घर जरा उजळ दिसू दे." तो भिंतीपाशी उकिडवा बसला. "वरचं मी केलं. खालचं सगळं थोरलीनं. माझा दाढीचा ब्रश घेतला होता. म्हणे, मोठा कुंचला तुम्हाला, छोटा मला. ब्रश गेलाच माझा त्यात."

तो हसला. भिंतीच्या कमरेपर्यंतच्या भागात चुना आडवा, उभा, वाटेल तसा फिरला होता. बोटभर रुंदीच्या रेघा, मध्ये राहून गेलेल्या जागा, खाली ओघळ. त्याच्या वर सुताराचा हात सुरू होत होता, सरळ आणि एकसारखा.

"ताई, एक विचारू?"

"विचारा ना."

"मागच्या वेळी शेजारचे दार लावून बसले. वास येतो म्हणे. आम्ही नाही बसलो. सगळं घर मोकळं करून दिलं तुम्हाला. त्यांच्या घरी कुणाला शिंकसुद्धा आली नाही. आणि आमचीच का?"

हजारो उंबऱ्यांवर उभं राहून सांगितलेलं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. डासाची मादी रक्त प्याली की जड होते, लांब उडू शकत नाही, जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असलं की तिथंच मरते. आजाऱ्याला चावून आलेली असेल तर तिच्या अंगात तापाचे जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत ती मेली, तर पुढच्या माणसापर्यंत ताप पोचत नाही. सगळी मदार भिंतीवर; वर चुना बसला की औषध झाकलं जातं. म्हणूनच कार्डावर छापलेलं असतं: पुढची फवारणी होईपर्यंत भिंतींना रंग, चुना वा गिलावा करू नये. ही ओळ प्रत्येक घरी वाचून दाखवायची, असा तिचा स्वतःचाच नियम होता.

या घरात वाचली होती का? सहा महिन्यांपूर्वीचा दिवस ती कालपासून आठवत होती. त्या दिवशी चाळीस घरं झाली होती आणि हे शेवटचं होतं. दिवस भरत आलेली बाई दाराला टेकून उभी होती आणि कशावर तरी हसली होती. कशावर, ते काही केल्या आठवत नव्हतं.

अंगणात बाळ कुरकुरलं. या भिंतींवर पुन्हा चुना बसता कामा नये, हे आज सांगावंच लागणार होतं. आणि सांगितलं की तो पाच मिनिटांत सगळं समजणार होता. सुतार माणूस, मोजमाप कळणारा.

"या वेळचं औषध नवीन आहे, दादा," ती म्हणाली. "यावर रंग चालत नाही. पुढच्या फेरीपर्यंत भिंतींना हात लावायचा नाही. डाग पडले तरी राहू द्यायचे."

वकील पंपाच्या टाकीत पुडी रिकामी करत होता. त्याचा हात थांबला. त्यानं हातातल्या निळ्या पुडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पुडी तीच होती, गेल्या तीन वर्षांपासूनची. जगात कुणालाही आडवा जाणाऱ्या त्या माणसानं त्या पुडीची नीट घडी घातली आणि ती खिशात टाकली.

"मागच्या वेळी असं काही सांगितलं नव्हतंत ना तुम्ही?" दारातून आवाज आला. सुताराची बायको उंबऱ्याबाहेर येऊन उभी होती.

"नाही. तेव्हाचं वेगळं होतं. त्यावर चुना चालायचा."

"चालायचा?" सुतार उठला. "म्हणजे रंगामुळं काही..."

"नाही हो. डास बाहेरही चावतो. तिन्हीसांजेला पोरं अंगणात खेळत असतात. तिथं भिंत काय करणार?"

त्यानं मान हलवली. पुन्हा हलवली. मग हळू आवाजात म्हणाला, "तेवढा खालचा भाग सोडता येईल का?"

"तिथंच जास्त बसतात, दादा. अंधार असतो खाली. पण पुसलं जाणार नाही. फवारा घासत नाही, नुसता वर बसतो. रेघा दिसत राहतील."

"नक्की?"

"नक्की," वकील म्हणाला. त्यानं नाकावर फडकं बांधलं. बाकी सगळे बाहेर आले. पंपाचा फुसफुस आवाज वरून खाली, खालून वर असा एका लयीत फिरत राहिला. भिंतींच्या खालच्या भागाशी आला की तो बराच मंदावत होता.

दार ओढून घेतल्यावर पर्यवेक्षिकेनं नोंदपत्रक पुढे केलं. सगळे रकाने भरले होते, एक सोडून. सुतारानं मांडीवर कागद ठेवून सही केली, नवं कार्ड घेतलं आणि खिळा शोधायला गेला. ती कुंपणापाशी आली, पाठमोरी झाली, आणि 'मागील फवारणीनंतर रंग दिला आहे काय' या रकान्यावर पेन टेकवलं. खोटी नोंद तिनं आजवर केली नव्हती.

"हो लिहिताय ना?"

बायको मागे उभी होती. बाळ झोपलं होतं.

"लिहा. खरं ते लिहा." तिनं बाळाच्या लसीच्या पुस्तकातून एक घडी काढली. जुनं कार्ड. एका कडेला चुन्याचं बोट उमटलेलं. "हे हरवलं नव्हतं. यांनी न वाचताच काढून ठेवलं होतं, ते मला नंतर सापडलं. घेऊन जा तुम्ही. जाळायला हात धजत नाही माझा."

पर्यवेक्षिकेनं कार्ड घेतलं.

"तुम्ही वाचून दाखवलं होतं मला. दारातच. मी म्हटलं, असले डाग घेऊन सहा महिने कोण राहणार, आणि हसले. मग तुम्हीही हसलात."

म्हणजे ओळ वाचली होती. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं पर्यवेक्षिकेला वाटलं. उतरलं हे लक्षात येताच तिला त्या बाईकडे बघवेना.

"रंग द्या म्हणून मीच मागे लागले यांच्या. पण कळलं तर हे स्वतःच्याच हातांकडं बघत बसतील. काम कसं करतील?" तिनं बाळाचं डोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बरं झालं, नवीन आहे म्हणालात. मला सुचत नव्हतं काय सांगावं."

घरापाशी हातोडीचे दोन ठोके पडले. "अगं, कार्ड कुठं लावू?"

"दारावरच लावा. येताजाता दिसेल असं," ती ओरडून म्हणाली. आवाज रोजचाच होता. पर्यवेक्षिकेनं रकान्यात 'हो' लिहिलं.

पुढच्या घरची बाई तरुण होती, हाताला कणीक लागलेली, घाईत. फवारणी झाल्यावर पर्यवेक्षिकेनं उंबऱ्यात उभं राहून कार्डावरची ओळ वाचून दाखवली.

"अहो, सहा महिने? भुताचं घर दिसेल!" ती बाई हसली.

पर्यवेक्षिका हसली नाही. तिनं तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.