लख्ख भांडं

निवृत्त होऊन मला आठवडाच झाला होता आणि घरात माझी लुडबुड सुरू झाली होती. बायकोला त्या दिवशी पहिल्यांदाच बाहेरचं काम मिळायची आशा होती. कॅन्टीनवाल्या बाई चारला येऊन तिचा केक चाखणार होत्या. आवडला तर रोज दोन केक.

आपलाही हातभार लागावा म्हणून, ती बाजारात गेल्यावर मी तिचं केकचं पत्र्याचं भांडं काढलं. तळ काळाकुट्ट, कडेला आतून तपकिरी पट्टा. चार लोकांत हे ध्यान दाखवायचं? तारेची घासणी घेतली आणि दीड तास घाम गाळून ते लख्ख केलं.

ती आली, भांडं बघितलं आणि आतून तळावर बोट फिरवलं.

"अहो, काय करून बसलात हे?"

"चकाचक केलं!"

"तळ काळा होता म्हणून केक सुटून यायचा. आणि मिश्रण त्या पट्ट्यापर्यंतच ओतायचे मी. तेच माझं माप होतं."

पहिला केक फुगून बाहेर सांडला. त्याचा तळ पांढराफटक, अर्धा भांड्यालाच चिकटलेला. दोन वाजले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र पदर खोचला. भांडं धुतलं, तेलाचा हात फिरवून रिकामंच तापवलं, पुन्हा तेल, पुन्हा तापवणं. मग नवं मिश्रण ओतून त्यात बोट उभं बुडवलं, दोन पेरं मोजली, भांडं खालच्या जाळीवर सरकवलं आणि ओव्हनसमोर वासावर लक्ष ठेवून बसली. काय बाई आहे ही!

कॅन्टीनवाल्या बाईंनी केक उलटा केला, खरपूस तळावर टिचकी मारली, तुकडा तोंडात टाकला.

"सोमवारपासून द्या."

त्या गेल्यावर भांडं मी धुवायला घेतलं. या वेळी नुसत्या फडक्यानं. कडेला पुसटसा पिवळा पट्टा उमटला होता. तीस वर्षं ऑफिसातून आल्यावर मी तिला विचारायचो, "दिवसभर करतेस तरी काय?" त्याचं उत्तर या भांड्यावर होतं, आणि सकाळी मीच ते घासून काढलं होतं.

"राहू दे तो पट्टा," ती म्हणाली.

मी हातसुद्धा लावला नव्हता.