आत्याच्या टोपीवरचा डाग

लॉन्ड्रीवाल्याला सगळे इस्त्री म्हणत. त्याला घाणीची इतकी किळस, की कुणी नुसतं 'चिखल' म्हटलं तरी तो उठून हात धुवून यायचा. असा माणूस ऐन वसंतात भल्या पहाटे तळ्याकाठी निघाला, कारण त्याला जिच्याशी लग्न करायचं होतं तिला तिच्या आत्याने वाढवलं होतं, आणि आत्या म्हणाली होती, "माझ्याबरोबर तळ्याला एक फेरी मारून दाखव, मग बघू."

आत्या दर फुलापाशी वाकायची. "बघ, काय पिवळं आहे!"

इस्त्रीने पाहिलं. पाकळीखाली गोगलगाय लाळ गाळत बसली होती. लव्हाळ्यात बेडकांची अंडी शेंबडासारखी लोंबत होती. पुढे बगळ्यांची वसाहत लागली. तिथला वास म्हणजे हजार सडके मासे एकाच ओल्या मोज्यात कोंबलेले. वरून एका पिल्लाने अर्धा मासा ओकला, तो त्याच्या बुटावर आला आणि, शपथेवर, हलला.

"श्वास घेतोयस ना रे?" आत्याने विचारलं.

"जमेल तसा."

मागून चालणारी भाची, म्हणजे त्याची होऊ घातलेली नवरी, खुसखुसली.

उन्हं वर आल्यावर आत्या झाडाला टेकली. टोपी शेजारी ठेवून ती घोरायला लागली, आणि भाची पाणी भरायला गेली. टोपीच्या कडेवर पांढरट-हिरवा, वाळून खपली धरलेला पक्ष्याचा प्रसाद होता. इस्त्रीने मान फिरवली. बदकं पाहिली. शेवटी न राहवून त्याने खिशातली डाग काढायच्या औषधाची बाटली आणि ब्रश काढला. लोक पानतंबाखू बाळगतात, तसा तो हे बाळगायचा.

भाची परतली तेव्हा टोपी लखलखत होती.

"हे काय केलंस?"

"डाग होता."

"अरे, काळ्या करकोच्याचा होता तो. या तळ्यावर एकदाच आला, तोही एकट्या आत्याला दिसला. पक्षी बघणाऱ्या मंडळींनी तिला वेड्यात काढलं. पुरावा म्हणून तेवढंच होतं तिच्याकडे."

आत्याने डोळे उघडले. टोपी उलटीसुलटी करून पाहिली.

"पुसलंस?"

"पुसलं."

"सगळं?"

"मी अर्धवट काम करत नाही, आत्या."

 आत्याने टोपी त्याच्या डोक्यावर दाबून बसवली. "आता तो करकोचा परत येईपर्यंत इथे उभं राहायचं. लग्नाचं त्यानंतर बोलू."

तेव्हापासून दुकान उघडण्याआधी इस्त्री रोज घोटाभर चिखलात उभा असतो. तळ्यावरच्या यच्चयावत पक्ष्यांनी त्याच्यावर हजेरी लावून झाली, आणि ते पुसायला त्याला बंदी आहे. न जाणो, त्यातलं एखादं करकोच्याचं निघायचं. भाची चहा आणते, पण बसते वास येणार नाही अशा अंगाला.

काल ढगाखालून एक मोठी काळी सावली सरकत आली.  इस्त्रीने तोंड घट्ट मिटलं, टोपी सरळ केली आणि सावलीखाली धावत सुटला.