उमाय-एनेची चापट

बुरुल आपांनी बाळाला अलगद पालथं केलं. चार महिन्यांची पोर, खोकल्यासाठी दवाखान्यात आणलेली. कमरेवर निळा डाग होता आणि तसाच एक डाव्या खांद्यावर. टेबलापलीकडे, राजधानी बिश्केकहून नव्यानं आलेल्या डॉक्टर आयझिरेकचं पेन थांबलं.

"शहरात पोरांना डाग नसतात का गं?" बाळाची आजी उमसुनाय हसली. "उमाय-एनेची चापट ती. पोटातून निघायला कुरकुरणाऱ्या पोराला देवी अशीच ढकलते."

आपाही हसल्या. नारीनच्या खोऱ्यात पन्नास वर्षं त्या नर्स होत्या. निम्मं खोरं आपण चेहऱ्याआधी ढुंगणावरून ओळखतो, असं त्या लग्नकार्यात छातीठोक सांगत.

"हे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "सामुदायिक शेतीच्या काळात वरच्या कुरणावर एक पोरगी होती. तिची चापट भटकी. वसंतात पाठीवर, उन्हाळ्यात दंडावर, मेंढरं खाली उतरायला लागली की मानेवर. मी घोड्यावरून जायचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस प्यायचे आणि म्हणायचे, हिचा डागसुद्धा कळपाबरोबर मुक्काम हलवतो. सगळा तंबू खदखदायचा. काय दिवस होते ते."

उमसुनाय हसता हसता डोळे पुसू लागली. आयझिरेक हसली नाही.

"आपा, ती रांगायला लागली होती?"

"कुठली. पाळण्यात बांधलेली असायची."

"मग पुढे?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गोष्ट हशापाशीच संपायची.

"पुढल्या वसंतात त्यांचा तंबू लागला," आपा सावकाश म्हणाल्या. "पाळणा नव्हता."

आयझिरेकनं समोरचा छापील कागद त्यांच्याकडे सरकवला. "जन्माचा डाग जागा बदलत नाही. नव्या तपासणीत पहिला प्रश्न हाच आहे, आपा. ज्याला रांगता येत नाही, त्याला मुका मार लागतो कुठून?"

आपांचा हात बाळाच्या पाठीवर थांबला. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी, रीतीप्रमाणे, याच हातांनी तिला चाळीस चमचे पाण्याची आंघोळ घातली होती, एकेक चमचा मोजून. कमरेवरचा डाग तेव्हाही होता. खांदा कोरा होता.

"लिही, पोरी," त्या म्हणाल्या. "चाळिसाव्याला खांद्यावर काही नव्हतं."

उमसुनाय घाईघाईनं अंगडं ओढू लागली. आपांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे. पोर आज इथंच राहील."

"खोकलाच तर आहे तिला."

"उमसुनाय."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मग पुन्हा, लांबलचक. उमसुनायनं खिडकीकडे पाहिलं, अंगडं सोडून दिलं आणि आपली शाल काढून बाळावर पांघरली.

"हळू बोल," ती म्हणाली. "माझा मुलगा बाहेर उभा आहे."