हात खुर्चीकडे, डोळे माझ्याकडे

मित्रांनो, माझ्या झाकणावर कॉफीच्या कपाचा गोल डाग आहे. माझी एक बिजागरी सैल झाली आहे आणि एका कळेवरचे अक्षर झिजून पार पुसले गेले आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे. हा काय मोठे सांगणार, असे तुम्हाला वाटेल. पण अमेरिकेचे सरकार कसे चालते, ते मी एक अख्खे सत्र शिकलो आहे. आणि तेही पश्चिम टेक्सासमधल्या एका जेवणाच्या टेबलावर, हातांच्या भाषेत! ते दिवस आठवले की माझा पंखा अजूनही जोरात फिरू लागतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बोटांनी माझे स्क्रू आवळले, कुणीतरी माझा कॅमेऱ्याचा डोळा पुसला, आणि मी खोक्यात गेलो. जहाज, ट्रक, पुन्हा ट्रक, आणि शेवटी ऍबिलीन गावातल्या एका दुकानाची फळी. तिथून मला मेरिल नावाच्या मुलीने उचलले. ती विद्यापीठात निघाली होती. तिच्याबरोबर मी पुष्कळ निबंध लिहिले, पुष्कळ निबंध अर्धवट सोडले. मग तिच्याकडे नवा, पातळ लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात, हिवाळी कोटांच्या खाली झाली. कपाटात दिवस मोजायला काही नसते, एवढेच त्या काळाबद्दल सांगतो.

एकदा सुट्टीत मेरिल घरी आली आणि कपाट उघडले. धूळ झटकून तिने मला आईपुढे ठेवले.

"मॉम, हा घे. हळू आहे जरा, तापतो पण लवकर. पण चालतो."

"म्हणजे माझ्याच जातीचा की," तिची आई म्हणाली.

ही ग्लेंडा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गाड्यांच्या नंबरपाट्या देण्याच्या खिडकीमागे तिची उमर गेली होती. तरुणपणी ती कॉलेजात होती आणि पदवीला एकच विषय उरला होता: अमेरिकेचे राष्ट्रीय सरकार. टेक्सासमध्ये सरकारी कॉलेजात तुम्ही गुरांचे डॉक्टर व्हायला निघा नाहीतर बासरी शिकायला, हा विषय चुकत नाही. पण तेव्हाच तिची आई आजारी पडली. ग्लेंडाचे आईवडील दोघेही बहिरे. डॉक्टर बोलणार ते हातांनी सांगायचे कुणी? ग्लेंडाने. तो आजार लांबला आणि कॉलेज मागे राहिले. पुढे लग्न, मेरिल, नोकरी, नवऱ्याचे जाणे. आता एकसष्टाव्या वर्षी तिने तो उरलेला विषय घरबसल्या, ऑनलाइन घ्यायचे ठरवले होते. त्यासाठी मी.

तिचे वडील ऑर्विल, म्हणजे मेरिलचे आजोबा, तिच्याकडेच राहत. उंच, वाकलेले, नव्वदीकडे झुकलेले. वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्यांनी जन्म काढला. त्या यंत्रांच्या धडधडाटात कान असलेली माणसे वेडी व्हायची आणि बहिरी माणसे निवांत काम करायची. आजोबांनी मला पाहिले, माझे झाकण टिचकीने वाजवले आणि हातांनी विचारले, "हे तुला डिग्री देणार?"

"हे नाही, डॅडी. मी घेणार."

"मग मलाही शिकव. तुझ्या डिग्रीला उशीर आमच्यामुळे झाला. निदान काय हुकलं होतं ते तरी कळू दे."

ग्लेंडाने शेजारची खुर्ची ओढली आणि वडिलांना बसवले.

मित्रांनो, काय ते दिवस! प्राध्यापिका बारेरा माझ्या पडद्यावर येऊन व्याख्यान देत, ग्लेंडा डोळे पडद्यावर ठेवून शेजारच्या खुर्चीसाठी ते हातांनी सांगत जाई, आणि खुर्चीतून शेरे येत. सिनेटमध्ये एखादे विधेयक अडवायला सभासद तासन्‌तास बोलत उभा राहू शकतो, हे कळल्यावर आजोबा खुर्चीतून उठलेच.

"बहिरा सिनेटर पाठवा! त्याचा घसा कधी बसणारच नाही!"

"हात दुखतील, डॅडी."

"छापखान्यातले हात आहेत. उन्हाळा संपेपर्यंत बोलीन."

काही गोष्टींना त्या दोघांनी घरच्याच खुणा केल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार म्हणजे आजोबांनी उकडलेल्या भेंडीची बशी एका हाताने दूर सारणे. ते जन्मभर भेंडीला नकार देत आले होते. आणि दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढणे म्हणजे आजीने दोन्ही हातांनी तीच बशी पुन्हा पुढे ढकलणे.

"तुझी आई एकटीच दोन सभागृहं होती," आजोबा म्हणायचे.

दर आठवड्याला एका प्रश्नावर लिहायचे आणि वर्गातल्या दोघांच्या लिखाणाला उत्तर द्यायचे, असा नियम होता. बाकीची मुले दोन ओळी लिहून मोकळी होत. ग्लेंडाला एकाने फक्त 'मी सहमत आहे' असे उत्तर दिले, तेव्हा ती माझ्यावर अशी खेकसली की जणू मीच लिहिले होते. "सहमत आहे? हे काय उत्तर झालं? माझ्याशी भांड की रे!" मग तिने स्वतःच त्याच्या लिखाणाशी पानभर भांडण काढले. पुढच्या आठवड्यात त्याने दीड पान उलट भांडण काढले, आणि ग्लेंडा स्वयंपाकघरात गिरकी घेत आली. कचेरीच्या खिडकीवर रांगेतल्या लोकांनाही ती सांगू लागली की न्यायाधीशाला कुणी नेमायचे आणि नेमणूक कुणी मंजूर करायची. लोक म्हणत, "बाई, मला फक्त नंबरपाटी हवी आहे."

मग शेवटची परीक्षा आली. तीही माझ्यावरच. परीक्षा देणारा एकटा आहे ना, हे माझ्या डोळ्याने पाहायचे आणि सगळे चित्रित करायचे, अशी पद्धत होती. ग्लेंडाने मला उचलून खोलीभर फिरवले. भिंती, टेबलाखालची जागा, शेजारची रिकामी खुर्ची. आजोबांना तिने पीकान पायचा, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांच्या गोड पदार्थाचा, मोठा तुकडा देऊन पाठीमागच्या ओट्यावर पाठवले होते. परीक्षा सुरू झाली. ग्लेंडा इतकी खुशीत होती की एकेक प्रश्न वाचताना तिचे डोळे चमकत. पेपर संपल्यावर तिने माझे झाकण मिटले आणि वर एक मुका घेतला. खरे सांगतो.

काही दिवसांनी कॉलेजकडून संदेश आला. परीक्षेच्या चित्रणात ग्लेंडा पूर्ण वेळ बाजूला बसलेल्या कुणाला तरी हाताने खुणा करताना दिसते. म्हणून पेपर रद्द आणि विषयात नापास. हे मान्य नसेल तर आठवड्याच्या आत सुनावणी मागावी.

ग्लेंडाने तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. मग स्वतःच्या हातांकडे पाहिले. मित्रांनो, तुम्ही विचार करताना ओठ हलवता, कुणी पेन्सिल चावतो. बहिऱ्या आईबापांची लेक विचार करते ती हातांनी. तिला ते कळतसुद्धा नाही.

तिने मेरिलला फोन लावला. "जाऊ दे," ती म्हणाली. "या वयात कुणाशी वाद घालायचा? लोक म्हणतील, म्हातारी कॉपी करताना पकडली."

"मॉम, तू वाद घालायचं नाही म्हणतेयस? तू?"

"ठेवते मी."

आजोबांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि संदेश स्वतः वाचला. हळूहळू, बोट फिरवत, छापखान्यात अक्षरांचे खिळे तपासावेत तसा. मग त्यांनी टेबलावर थाप मारली. त्या घरात हाक मारायची पद्धत तीच होती. लाकूड थरथरले की मान वर करायची.

"राज्यघटनेतली ती दुरुस्ती कोणती गं? ऐकून घेतल्याशिवाय सरकारला कुणाचं काही हिरावून घेता येत नाही, ती?"

"पाचवी. आणि राज्यांसाठी चौदावी."

"हे कॉलेज सरकारी आहे ना?"

"आहे."

"मग? मी मन लावून शिकलो. तू शिकत नव्हतीस काय, पोरी?" ते तिच्याकडे वळून बसले. "एकदा तू आमच्यासाठी कॉलेज सोडलंस. तेव्हा मी काही म्हणालो नाही. आता म्हणतोय. नकार मोडून काढ." आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती न दिसणारी बशी तिच्यापुढे ढकलली.

ग्लेंडा हसली, रडली, आणि मला पुढे ओढून सुनावणी मागितली. एवढेच नाही, सुनावणीला हातांची भाषा जाणणारा दुभाषा हवा, आणि चित्रण सर्वांपुढे दाखवावे, असेही लिहिले. ती कळा इतक्या जोरात आपटत होती की माझी बिजागरी तेव्हाच सैल झाली असावी. त्याचा मला अभिमान आहे.

सुनावणीही माझ्याच पडद्यावर व्हायची होती. टेक्सासमधला ऑगस्टचा उन्हाळा, आणि मी तापट. मधेच बंद पडलो असतो तर! मेरिल आदल्या दिवशीच ऑस्टिनहून गाडी चालवत आली होती. तिने फ्रीजरमधून गोठलेल्या भेंडीची पिशवी काढली, जाड टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या पोटाखाली ठेवली.

"अखेर भेंडीचा काही उपयोग झाला," आजोबा म्हणाले.

पडद्यावर तिघे होते: डीन, प्राध्यापिका बारेरा आणि मिस लोमॅक्स नावाची दुभाषी. डीन सभ्य माणूस होता, पण त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता. "मॅडम, चित्रणात हात स्पष्ट दिसतात. घरी आणखी कोण असतं?"

"माझे वडील. ते तेव्हा ओट्यावर पीकान पाय खात होते."

"एकटाच खात नव्हतो, मांजर होतं साक्षीला," आजोबांनी हात उंचावून सांगितले. मिस लोमॅक्सने ते इमानदारीने शब्दांत सांगितले, आणि प्राध्यापिका बारेरांनी तोंडावर हात ठेवला.

चित्रण सुरू झाले. माझ्याच डोळ्याने टिपलेली ग्लेंडा माझ्याच पडद्यावर आली. मिस लोमॅक्स पुढे वाकली आणि तिचे हात वाचू लागली. "थांब, घाई नको. खालच्या सभागृहाचे सभासद दोन वर्षं, सिनेटर सहा... करांचं विधेयक कुठून सुरू होतं? खालच्या सभागृहातून, डॅडी, ध्यानात ठेवा... आता हे मला कळलं नाही. ती काहीतरी दूर सारतेय. बशी?"

"भेंडी," ग्लेंडा म्हणाली. "म्हणजे नकाराधिकार." आणि मग तिला सगळेच समजावून सांगावे लागले, आजोबा, आजी आणि दोन सभागृहे. डीनच्या चेहऱ्याची इस्त्री तिथे प्रथम मोडली.

"म्हणजे तुम्ही वडिलांना सांगत होतात," तो म्हणाला. "मग त्यांनीही उत्तर दिलं असेल."

माझा पंखा भणभणत होता. तेवढ्यात मिस लोमॅक्स म्हणाली, "सर, पुन्हा एकदा पाहा. हात खुर्चीकडे आहेत, डोळे पूर्ण वेळ पडद्यावर. आमच्या भाषेत ऐकायचं ते डोळ्यांनी. उत्तर घ्यायचं तर तिला मान वळवावीच लागली असती. शेवटपर्यंत ती एकदाही वळलेली नाही. ती कुणाचं ऐकत नव्हती. ती विचार करत होती."

डीनने पुन्हा पाहिले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग चष्मा काढला. "मला हे ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "आरोप मागे घेतो. तुम्ही सुनावणी मागितलीत हे बरं केलंत."

"ते मी तुमच्याच कॉलेजात शिकले," ग्लेंडा म्हणाली.

मेरिलने आनंदाने असा नाच केला की भेंडीची पिशवी घसरून जमिनीवर पडली. पेपर तपासला गेला आणि ग्लेंडा उत्तम गुणांनी पास झाली. एकच उत्तर चुकले होते. गंमत अशी की चित्रणात हातांनी बरोबर उत्तर दिले होते आणि बोटाने चुकीची कळ दाबली होती. प्राध्यापिका बारेरांनी लिहिले, 'हातांना गुण देता आले असते तर दिले असते.' सोबत त्यांनी ते चित्रणही पाठवून दिले.

पदवीदानाच्या दिवशी मेरिलने मला मांडीवर घेऊन नेले, छायाचित्रे भरून घ्यायला. ग्लेंडाचे नाव पुकारले तेव्हा सभागृहात टाळ्या झाल्या. पण पहिल्या रांगेत आजोबा उभे राहिले आणि दोन्ही हात उंच करून पंजे फडफडवले. बहिऱ्यांची टाळी तशीच असते. ग्लेंडाने व्यासपीठावरून तशीच टाळी परत दिली.

पुढच्या वर्षी आजोबा गेले. मी टेबलावर होतो, मग फळीवर, मग खणात. मधली वर्षे ग्लेंडाने आनंदात काढली. मतदान केंद्रावर ती लोकांना मदत करायला जाई आणि रांगेतल्यांशी भांडण उकरून काढी. गेल्या हिवाळ्यात तीही गेली.

घर आवरायला मेरिल एकटी आली. खणात मी सापडलो. गावातल्या दुरुस्तीवाल्याने मला उलटसुलट पाहिले. "यात काही राम नाही. पुसून टाकतो आतलं सगळं, मग भंगारात जाईल."

"आधी बघते," मेरिल म्हणाली आणि मला घरी परत घेऊन आली.

माझ्यात आता बॅटरीचा जीव नाही. वायर लावली तरच उठतो. तिने मला त्याच टेबलावर ठेवले. वेळ लागला, पण उठलो. तिने ते चित्रण उघडले. ग्लेंडा आली, डोळे चमकवत, हातांनी विचार करत. मेरिल आधी माझ्यासमोर बसली होती. थोड्या वेळाने ती उठली आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली, जिकडे ते हात वळलेले होते. तिथून पडदा तिरका दिसतो. पण त्या खुर्चीत बसणाऱ्यासाठीच ते सगळे सांगितले जात होते.

पडद्यावर ग्लेंडाने एका हाताने बशी दूर सारली. मेरिलने दोन्ही हातांनी ती परत पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी ती मला गाडीत पुढच्या सीटवर ठेवून घेऊन निघाली, पट्टा लावून.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. जुन्या यंत्राला उन्हापासून जपा, वायर ओढून काढू नका, कपाटात टाकलेच तर कधीतरी उघडून पाहा. आणि पुसून टाकण्याआधी, मग ते यंत्र असो की माणूस, त्याचे म्हणणे एकदा ऐकून घ्या. या देशाच्या घटनेत तसे लिहिलेले आहे. मी स्वतः शिकलो आहे.