फाटकावरचा शुकशुकाट

मी एक जुना दांडा आहे, मित्रांनो. रेल्वेच्या फाटकाचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा मला पाहून गुरे बुजायची.

माझ्या एका अंगाला छोटे स्टेशन आणि चार दुकाने, दुसऱ्या अंगाला विखुरलेली घरे आणि शेते. धड गाव नाही, धड शहर नाही. गाडी यायची वेळ झाली की घंटा वाजे आणि फाटकवाले काका मला खाली आणत. पण त्यांची थोरली बहीण अक्का रुळांवर असली, तर आधी ओरडत, "अक्के, उरक! गाडी तुझ्यासाठी थांबायची नाही."

"मग तू कशाला आहेस?" म्हणत अक्का दुखरा गुडघा ओढत पलीकडच्या आपल्या शिवणाच्या दुकानात जाई.

मग स्टेशनभोवती नवी वस्ती आखायचे ठरले. फाटकावरची वर्दळ मोजायला माणसे येणार, अशी बातमी आली. अक्काच सगळ्यांना म्हणाली, "गर्दी दिसली तर धोका आहे म्हणून फाटक बंद करतील. त्या दिवशी कुणी इकडे फिरकू नका."

सगळ्यांना पटले. मोजणारे दिवसभर बसले आणि माझ्याखालून गेले एक कुत्रे. काय फजिती केली त्यांची, म्हणून मी मनात हसत होतो.

फजिती आमचीच झाली. इथून कुणी जातच नाही, असे ठरले. पार लांबच्या टोकाला उंच जिन्यांचा पूल झाला आणि मला कायमचे खाली आणून कुलूप लावले. "अहो, आम्ही मुद्दाम आलो नव्हतो!" अक्का सांगत राहिली. साहेबांना ती थट्टाच वाटली. घंटा काढून नेली, काकांची बदली झाली.

आता मला फार भीती वाटते. गंजाची नाही. अक्काला जिने चढवत नाहीत. रोज ती कपड्यांचे गाठोडे घेऊन येते, मला धरून वाकते आणि खालून जाते. हल्ली तिला कमी ऐकू येते. "गाडी नाही ना रे?" ती मलाच विचारते. मी काय सांगणार?

मित्रांनो, उद्या तुम्ही गावे आखाल, तेव्हा पायी जाणाऱ्यांना आधी विचारा. आणि तुम्हाला मोजायला कुणी आले तर घरात दडून बसू नका.

ती बघा, अक्का आली. तिचा हात माझ्यावर आहे आणि रूळ थरथरू लागले आहेत. अरे, कुणीतरी तिला हाक मारा!