एका माणसाचा स्वयंपाक

मुलगा विश्वंभर बायको-पोरीला घेऊन चाकणला गेला, त्या आठवड्यात गोजरबाईने मोठी पातेली घासूनपुसून फळीवर पालथी घातली. आता त्यांची गरज नव्हती.

पुसेगावातल्या त्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिने भरल्या घराचं रांधलं होतं. सासू-सासरे, दोन दीर, नवरा, लेकरं. पैसा कधीच हाताशी नसायचा, पण ताटावरून कुणी उपाशी उठलं नाही. महिन्याचं येसर एकदाच भाजून दळून ठेवलं की दोन चमच्यांत घरभराची आमटी व्हायची. उन्हाळ्यात वांगी-गवारी चिरून वाळवली की पावसाळ्यात बाजाराला जावं लागायचं नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा, ताकाची कढी, हुलग्याचं माडगं. गोडेतेल महाग झालं तेव्हा तिने तेलाच्या बरणीतला मोठा चमचा काढून लहान टाकला, आणि महिनाभर घरात कुणाला समजलंसुद्धा नाही. भावकीतल्या बायका म्हणायच्या, काटकसर शिकावी तर गोजरीकडून.

पण ती सगळी विद्या भरल्या घराची होती. नवरा गेला, दीर वेगळे झाले, मुलगा चाकणला गेला, आणि एकटीच्या पोटासाठी ती विद्या चालेना. माणूस एक असला तरी तवा तेवढाच तापवावा लागतो. मूठभर डाळ शिजायला चुलीला जेवढ्या तुऱ्हाट्या लागतात, तेवढ्यातच शेरभर शिजते. मेथीची जुडी आणली तर तिसऱ्या दिवशी पिवळी पडायची. पाव किलो तेलाची पिशवी किलोच्या मानाने महाग पडायची, आणि किलो आणलं तर त्याला खवट वास यायचा. शेत बटईने दिलेलं, विश्वंभर जमेल तसं पाठवायचा, पण दर बाजाराला डाळ-तेलाचा भाव नवा. गॅसची टाकी तर तिने फक्त चहापुरती ठेवली होती. तो चहाही कोरा.

सकाळी एकदाच रांधायचं, तेच संध्याकाळी खायचं, असं तिने ठरवून टाकलं. संध्याकाळचं जेवण मग उभ्या उभ्याच व्हायचं. एकटीसाठी ताट कशाला घ्या.

शेजारी सोनाजी राहायचे. दोन्ही अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती. गोजरबाईच्या नवऱ्याचे ते दोस्त, म्हणून ती त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांची बायको भिकाबाई मागच्या उन्हाळ्यात वारली. एकुलती लेक लांब हट्टा गावी दिलेली. भिकाबाई होती तोवर सोनाजींनी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने भरून घेतला नव्हता. आता त्यांच्या घरातून रोज करपल्याचा वास यायचा.

एका सकाळी तो वास इतका आला की गोजरबाई हातातला झाडू टाकून भिंतीशी गेली. सोनाजी बाहेर ओट्यावर बसले होते, रस्त्याकडे बघत.

"भाऊजी, वरण लागलं तुमचं!"

"लागू द्या वैनी." ते उठले, आत जाऊन गॅस बंद करून आले. "पाणी टाकलं होतं मी."

"किती टाकलं?"

"टाकलं होतं," ते पुन्हा म्हणाले.

"आत्ताच तर नवी टाकी आणली ना तुमी? ती बी संपायला आली. एका माणसाला एवढा गॅस लागतो काहून?"

सोनाजी पुन्हा ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ठिवतो आन् बाहीर येऊन बसतो. आत बसवत न्हाई."

दया दाखवणं गोजरबाईच्या जिभेला जमायचं नाही. नासाडी मात्र तिला बघवत नव्हती, म्हणून ती त्याच बाजूने बोलली. "उद्यापासून डाळ इकडं देत जा. एकाच भांड्यात दोघांचं होईल. भाकरी थापायच्याच हायेत, दोन जास्तीच्या थापल्या तर तवा काही वेगळा तापवावा लागत न्हाई."

"तुमाला तकलीफ."

"तकलीफ कसली? माझंच वाचंल उलट."

दुसऱ्या दिवशी सोनाजी डाळीची पिशवी, तेलाची बरणी आणि आपली टाकी घेऊन भिंतीशी आले. पावसाळ्यात तुऱ्हाट्या ओल्या झाल्या की टाकी उपयोगी पडायची. मग बाजार करणं त्यांच्याकडे आलं. बाजार मोडताना जा, असं तिने शिकवलं, कारण भाजीवाल्यांना ढीग परत न्यायचा नसतो. पहिल्या खेपेला ते स्वस्त मिळाले म्हणून पाटीभर टमाटे घेऊन आले, अर्धे फुटलेले. गोजरबाई कपाळाला हात लावून बसली आणि मग हसत सुटली. ते टमाटे तिने चिरून पत्र्यावर वाळत घातले. हळूहळू सोनाजींना कोवळं वांगं कळू लागलं. दळण ते आणायचे, सरपण फोडून द्यायचे. ती रांधून डबा भिंतीवर ठेवायची, ते तो उचलून आपल्या ओट्यावर जेवायचे, धुऊन परत भिंतीवर ठेवायचे. एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत कुणी कधी गेलं नाही.

बचत तर झालीच. तिची टाकी आता कितीतरी जास्त दिवस टिकायची, भाजी सडेनाशी झाली, तेल खवट व्हायच्या आत संपायला लागलं. पण आणखी एक गोष्ट झाली, जिची तिलाच उशिरा जाणीव झाली. दिवसभरात काही वेगळं दिसलं, बोरीवर नवा पक्षी बसलेला, कुणाच्या म्हशीने नळाचा पाइप उखडलेला, की ती ते मनात बाजूला ठेवून द्यायची. डबा ठेवताना भाऊजींना सांगायला. ते ऐकून फार तर "अस्सं व्हय?" म्हणायचे. तेवढं पुरायचं. आणि संध्याकाळी ती ताट घेऊन खाली बसून जेवायला लागली.

दिवाळीला विश्वंभर आला. सून प्रतीक्षा आणि लहानगी नात आरोहीही आल्या. घर दोन दिवस गजबजलं. मोठी पातेली फळीवरून खाली आली. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रतीक्षा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, ही दुसरी टाकी कुणाची?"

गोजरबाई सांगणार, तेवढ्यात विश्वंभर म्हणाला, "मला माहीत हाय कुणाची. आई, जरा अंगणात ये."

अंगणात तो बराच वेळ नखं कुरतडत उभा राहिला. लहानपणीही काही अवघड बोलायचं असलं की तो असाच उभा राहायचा.

"वैजनाथचा फोन आला होता," तो म्हणाला. वैजनाथ म्हणजे तिच्या मोठ्या दिराचा मुलगा, दोन घरं सोडून राहणारा. "मानसं बोलून राहिली म्हणे."

"काय बोलून राहिली?"

"तुला कळत न्हाई का आई? मी काय कमी पाठवतो? तू सांग, अजून पाठवतो. पण दुसऱ्या मानसाचं काहून रांधायचं?"

"एका भांड्यात दोघांचं होतं म्हणून. डाळ काय भाव झाली ते ठावं हाय ना तुला? गॅस वाचतो."

"गॅससाठी?"

"व्हय. गॅस वाचतो," ती पुन्हा म्हणाली.

ते खरं होतं. पण तिचं तिलाच ते खोटं वाटलं. दुसरं जे काही होतं त्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. आयुष्यभर तिने डाळीचं, तेलाचं, सरपणाचंच बोललं होतं. आता मुलासमोर ती नवीन भाषा कुठून आणणार?

"मग आमच्याकडं चल कायमची," विश्वंभर म्हणाला.

चाकणची त्यांची एकच खोली तिने पाहिली होती. कारखान्यातली पाळी रात्रीची असली की विश्वंभर दिवसा झोपायचा, आणि आरोहीला आवाज करू नको म्हणून प्रतीक्षा दिवसभर दटावत राहायची. पाणीसुद्धा विकतचं. तो मनापासून बोलावत होता, आणि ती येणार नाही म्हणून त्याला सुटल्यासारखंही वाटत होतं. ते तिला दिसलं, आणि त्याचा राग आला नाही.

"बघू," ती म्हणाली.

मुलगा वाईट नव्हता. त्याच दिवशी त्याने छपराचा उडालेला पत्रा ठोकून दिला, सरपण रचून ठेवलं. आणि संध्याकाळी सोनाजींची टाकी खांद्यावर घेऊन तो भिंतीपलीकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते गोजरबाईला ऐकू आलं नाही. आवाज मात्र कुणाचाच चढला नाही.

सगळे गेल्यावर सकाळी तिने सवयीने डबा भरला. भिंतीशी गेली तर सोनाजी धुतलेलं धोतर नेसून, पिशवी घेऊन उभे होते.

"लेकीकडं चाललो वैनी. हट्ट्याला. ती कवाची बोलावून राहिली."

"किती दिवस?"

"आता ऱ्हायालाच," ते म्हणाले. पिशवी या हातातून त्या हातात घेत ते पुढे म्हणाले, "घराकडं लक्ष असू द्या."

"बरं," गोजरबाई म्हणाली.

विश्वंभर काय बोलला, हे तिला विचारायचं होतं. डबा तिच्या हातातच राहिला.

नंतरचे दिवस थंडीचे होते. तिचा हात डाळ घेताना दोन मुठी घ्यायचा. मग तेच वरण ती दुसऱ्या दिवशी खायची, कधी तिसऱ्याही. टाकून द्यायची नाही. सोनाजींच्या दाराला कुलूप होतं, ओट्यावर पानगळीचा कचरा साचायचा आणि चार दिवसांनी ती जाऊन झाडून यायची. लक्ष असू द्या म्हणाले होते ना. संध्याकाळी ती पुन्हा उभ्यानेच जेवायला लागली. वैजनाथची बायको एकदोनदा भाजीची वाटी घेऊन आली. गोजरबाईने वाटी घेतली, धुऊन परत दिली, बस म्हणून म्हटलं नाही.

शिमगा झाला. एके दिवशी तिने लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि फाटकाला कडी घातली. वैजनाथ आपल्या दारातच बैल सोडत होता.

"काकू, कुठं?"

"हट्ट्याला. वरसाची हळद आनते. तिकडं शेतकऱ्याच्या घरून स्वस्तात मिळते."

वैजनाथ तिच्याकडे बघतच राहिला. "तीन गाड्या बदलाव्या लागतात काकू. बायांचं तिकीट अर्धं असलं म्हणून काय झालं? हळदीतलं वाचलेलं तिकिटातच जाईल."

हिशेब तिला त्याच्या आधी कळलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो मांडून बाजूला सारला होता. "जाऊ दे," ती म्हणाली आणि फाट्याकडे चालायला लागली.

हट्ट्याला उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. गावाच्या कडेला शेतात हळद शिजत होती, वाफेचा उग्र वास सगळीकडे पसरला होता. विचारत विचारत तिने घर गाठलं. सोनाजींची लेक मोठ्या मायेची. "मावशी, तुमी!" म्हणत ती धावत आली, पाय धुवायला पाणी दिलं. सोनाजी आत टीव्हीसमोर खुर्चीवर बसले होते. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. तब्येत भरली होती. तिला पाहून ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"वैनी?"

"हळद न्यायला आले होते," गोजरबाई म्हणाली.

जेवणाचं ताट भरून आलं. तेलाची तर्री असलेली भाजी, तुपाचा भात. लेक पुढे बसून वाढत होती. "बाबा काही बोलतच न्हाईत ओ मावशी," ती म्हणाली. "वाढलं तर खातात. अजून पायजे का विचारलं तर म्हणतात बराबर हाय. तिकडं बी असेच होते का?"

"व्हय, असेच होते," गोजरबाई म्हणाली. सोनाजी खाली मान घालून जेवत राहिले.

हळदीचे पैसे लेकीने घेतलेच नाहीत. घरच्या हळदीची जड पिशवी भरून दिली. ती उचलून सोनाजी म्हणाले, "चला, गाडीवर बसवून देतो."

रस्त्याच्या कडेला लिंबापाशी दोघं उभी राहिली, ती सावलीत आणि ते दोन पावलं दूर उन्हात. गाडी येईना. एक आली, ती भरलेली, थांबली नाही. दोघांपैकी कुणीही हात केला नव्हता. केळी विकणारी एक बाई शेजारी बसली होती. ती गोजरबाईला म्हणाली, "बाई, मालकाला बी घ्या की सावलीत. उनात उभं हायेत बिचारे."

गोजरबाईने सोनाजींकडे पाहिलं. केळीवालीची चूक त्यांनी सुधारली नाही. तिनेही सुधारली नाही. ती जरा सरकली आणि ते सावलीत आले. इथे त्या दोघांना ओळखणारं कुणी नव्हतं.

"विश्वंभर चांगलं पोरगं हाय," बऱ्याच वेळाने सोनाजी म्हणाले. "माझ्या पाया पडला त्या दिवशी. म्हणला, काका, मी लांब ऱ्हातो, माझ्या आईचं नाव राखा. मग मी कसा थांबू?"

गोजरबाईने पदराने तोंड पुसलं, ऊन लागल्यासारखं. "मला सांगून जायचं होतं," ती म्हणाली.

"व्हय. सांगायचं होतं."

मग दोघं रस्त्याकडे बघत उभी राहिली.

गाडी आली. सोनाजींनी पिशवी वर चढवली, सीटखाली सरकवून दिली आणि खाली उतरून खिडकीपाशी आले.

"आता कवा येनार?"

"एवढी हळद वरीसभर पुरंल भाऊजी."

त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला. "जपून नका वापरू," ते म्हणाले.

कंडक्टरने घंटी मारली. गोजरबाईने अर्धं तिकीट काढलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि वळण येईपर्यंत मागे बघत राहिली. पुसेगावला पोचली तेव्हा दिवे लागले होते. तिने हातपाय धुतले आणि कितीतरी दिवसांनी संध्याकाळची चूल पेटवली.